दुप्पट कासव

मागोंग, २ डिसेंबर

काका,

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, चष्मा शोधत बसू नका. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि दिलेला मोबाइल तुम्ही खिडकी आपटू नये म्हणून फटीत खुपसून ठेवलाय असं आईकडून कळलं. म्हणून पत्र.

आधी चांगली बातमी. मामंजी ठणठणीत आहेत. गेल्या दिव्यांच्या सणाला ते हॉस्पिटलात होते आणि श्वास घेताना घशातून शिट्टी वाजायची. आज सकाळी त्याच घशाने ते टीव्हीवरच्या हवामानवाल्याला शिव्या देत होते. तेव्हा मी आमच्या गल्लीतल्या देवळात प्रसादाचं, तांदळाच्या उकडीचं कासव मागितलं होतं. लागोपाठ तीन वेळा कौल मिळाला. तळहाताएवढं लाल कासव घरी आणून वाफवलं आणि सगळ्यांनी चिमूट चिमूट खाल्लं. मागितलेलं कासव पुढच्या वर्षी मोठं करून परत द्यायचं असतं हे तुम्हाला ठाऊकच आहे. लोक मनातल्या मनात "थोडं मोठं" म्हणतात. मी मोठ्याने "दुप्पट" म्हणाले, वर "आमच्या घरी केलेल्या साच्यातलं" असंही म्हणून बसले. सासूबाई शेजारीच उभ्या होत्या.

घरात साचा एकच, तुम्ही लग्नात दिलेला, आणि तो लहान. मग तुमच्या जावयाने, को-शेंगने, एक जुनं घरगुती यंत्र आणलंय, लाकडावर कोरणारं, शिवणयंत्राएवढं. रागावू नका. सोबत बिटांची, म्हणजे कोरायच्या टोकांची, डबी आली, तीस बिट आहेत. सगळे सोनेरी, सगळे टोकदार, मला सगळे सारखेच दिसतात. कुठला लावू? सण ३ मार्चला आहे. तोपर्यंत कासव झालं नाही तर मी या गल्लीत तोंड कसं दाखवू ते तुम्हीच सांगा.

सुकी माकुळं पाठवतेय. दात असतील त्या बाजूने खा.

तुमची वान-लिंग

लुगांग, ९ डिसेंबर

वान-लिंग,

माकुळं मिळाली. दात डाव्या बाजूला आहेत, काम भागलं.

तर तूही यंत्र घेतलंस. चिन-हायने घेतलं त्याला अकरा वर्षं झाली. नऊ वर्षं माझ्या हाताखाली शिकला आणि मग समोरच्याच दुकानात यंत्र बसवलं. तेव्हापासून दिवसभर त्याचं घर्र घर्र आणि माझी पाठ रस्त्याकडे. कान गेले त्याचं एवढंच सुख, ते घर्र घर्र आता ऐकू येत नाही.

तू म्हणशील, एवढं आहे तर काका, तुम्हीच द्या ना कोरून. देणार नाही. एक तर नवस तुझ्या घरच्या साच्याचा आहे, देवाला फसवायला मी मदत करत नसतो. दुसरं म्हणजे माझ्याकडे ऑर्डरी आहेत, हात रिकामा नाही.

यंत्रातलं मला काही कळत नाही. पण तुझे बिट म्हणजे फिरणाऱ्या पटाश्याच ना? मग टोक बघ, सोनेरी रंग बघू नको. एकेक बिट कागदावर आडवा ठेव, भोवती पेन्सिल फिरव आणि तो कागद मला पाठव. माझ्याकडे भिंतीवर साठ पटाश्या आहेत, त्यातल्या सात वापरतो. तुझ्या तिसांतल्या तीन पुरतील.

लोंगनच्या लाकडाचा एक ठोकळा पोस्टाने टाकलाय. चांगला वाळलेला, दाट, वास नसलेला. कापूर कधी वापरू नको, कासवाला गोधडीचा वास येतो. एकच ठोकळा आहे, तेव्हा आधी दुसऱ्या लाकडावर हात साफ कर.

काका

मागोंग, २० डिसेंबर

काका,

कागद सोबत आहे. पण तुमच्या उत्तरापर्यंत मला कुठला धीर! पाइनची फळी आणली आणि जुन्याच मापाचा साचा कोरायला घेतला. को-शेंगच्या मित्राने तुमच्या साच्याची संगणकावर आकृती करून दिली आहे, पाठीवरच्या नक्षीसकट. डबीतला सपाट टोकाचा बिट लावला, कारण तो भराभर उकरतो. पहिले दोन मोडले. एकाचं टोक उडून मामंजींच्या चहात पडलं. ते म्हणाले, "हॉस्पिटलातून वाचवून आणलंत, आता घरीच मारता का?"

साचा मात्र दिसायला काय झाला म्हणून सांगू! मी नाचले. सासूबाईंनी उकड केली, लाल रंग घातला, मुगाचं पुरण भरून गोळा आत दाबला आणि साचा ओट्यावर आपटला. काही नाही. पुन्हा आपटला. खालच्या मजल्यावरून विचारणा आली, कोण पडलं? पाचव्या आपट्याला कासव बाहेर आलं आणि डोकं आतच राहिलं.

बिनडोक्याचं कासव, काका! सणाच्या आधी! सासूबाईंनी पटकन फडकं टाकलं आणि मला म्हणाल्या, "खा. आत्ताच्या आत्ता. कुणाला दिसायला नको." मी उभ्याउभ्या अख्खं खाल्लं. डोकं चमच्याने खरवडून तेही खाल्लं. त्या हसल्या नाहीत, आणि त्या हसल्या नाहीत की मला भीती वाटते.

तुमच्या लाकडाला अजून हात लावलेला नाही. त्यावर सगळं दुप्पट करणार आहे. जुना साचा दहा सेंटीमीटर लांब, आठ रुंद, दीड खोल आहे. नवा वीस, सोळा आणि तीन. यंत्रात जेमतेम बसतो. आता सांगा, माझं काय चुकलं?

वान-लिंग

लुगांग, ४ जानेवारी

वान-लिंग,

काय चुकलं? तू चित्र कोरलंस. साचा हे चित्र नव्हे, आत गेलेली वस्तू धडपणे बाहेर आली पाहिजे. सपाट टोकाचा बिट भिंत सरळ उभी कापतो. विहिरीतून बादली वर येते कारण तिला दोरी असते. उकडीला दोरी नाही. साच्याची भिंत वर तोंडाशी रुंद आणि खाली अरुंद अशी उतरती हवी, म्हणजे उकड आपल्या वजनाने सुटते. मानेपाशी तर दुप्पट उतार हवा.

आता नीट वाच. तुझ्या कागदावरचा अकरावा, जाड, गोल टोकाचा, तो पहिला. त्याने पोट उकरायचं, पण एका वेळी अर्धा मिलिमीटरच. लोंगन कठीण असतं, घाई केलीस तर पुन्हा मामंजींचा चहा. नंतर बारीक काम. त्यासाठी लागतो निमुळता बिट: वर जाड, खाली बारीक होत गेलेला आणि टोकाला मोहरीएवढी गोळी. बाजूंनी तिरका असल्यामुळे भिंतीला उतार तोच देतो, आणि बुडाशी जाड असल्यामुळे मोडत नाही. तुझ्या डबीत आहे तो आखूड आहे. तीन सेंटीमीटर खोल जायचं तर लांब मानेचा पाहिजे, नाहीतर यंत्राचं तोंडच लाकडाला घासेल. तसे दोन पाठवतोय, एक मोडण्यासाठी. तिकोनी टोकाचा सगळ्यात शेवटी, फक्त पाठीवरच्या रेघांना. जितका खोल जाईल तितकी रेघ रुंद होते, तेव्हा हावरटपणा नको. भुसा सतत काढत राहा, आत साठला की बिट तापतो आणि लाकूड करपतं.

हे सगळं एकाने सांगितलं. कोणी ते विचारू नको.

अक्षर वाकडं आलंय. पेन खराब आहे.

काका

मागोंग, २२ जानेवारी

काका,

पार्सल चार दिवसांपूर्वी मिळालं. चौदा दिवस लागले! इथे बेटावर वारा असा सुटलाय की बोटी बंद, आणि सासूबाई दोरीवर कपडे नव्हे, दोरीच शोधत फिरतात. वाट बघताना मी नखं खाऊन संपवली.

पण काम झालं! दोन दिवस यंत्र चाललं. अकराव्याने पोट उकरलं, तुमच्या निमुळत्याने भिंती उतरवल्या, तिकोन्याने पाठीवर रेघा ओढल्या. दुसरा निमुळता तसाच शिल्लक आहे! डोक्यात आणि एका पायात थोडी उकड दाबून पाहिली, ओट्यावर एकदाच आपटला आणि टप्पकन सुटली. सासूबाई हसल्या. पूर्ण भरून मात्र बघू दिला नाही. नव्या साच्यातलं पहिलं भरलेलं कासव देवाचं, त्याआधी भरायचा नाही म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी साचा फडक्यात बांधून देवळात नेला, उदबत्ती ओवाळून आणला आणि येताना गल्लीतल्या प्रत्येक घरात दाखवला. त्यांना एवढ्या खुशीत मी लग्नातही पाहिलं नव्हतं.

आता माझी पाळी. बिट ज्या कागदात गुंडाळले होते त्यावर "मानेपाशी वेग कमी करा" असं लिहिलंय. ते अक्षर चिन-हायदादाचं आहे. लहानपणी माझ्या वहीवर बोकड काढून खाली नाव घालायचा, ते मी विसरेन का? तुम्ही रस्ता ओलांडलात? अकरा वर्षांनी? एका बिटासाठी?

आणि तुमचं अक्षर. आईला फोनवर दाखवलं, ती म्हणाली थंडीने असेल. एवढ्या ऑर्डरी घेऊ नका. सणाला इकडे या ना. आपलं काम एकदा डोळ्यांनी बघून जा.

वान-लिंग

लुगांग, ३ फेब्रुवारी

वान-लिंग,

साच्याला शेंगदाण्याचं तेल लाव, तीन दिवस, रोज पातळ. उन्हात ठेवू नको. पाण्यात बुडवू नको.

रस्ता आठ पावलांचा आहे. त्याचं कौतुक नको.

येणं जमणार नाही. वाऱ्यात विमान हलतं, बोटीत मी हलतो. ऑर्डरी आहेतच.

काका

मागोंग, २४ फेब्रुवारी

काका,

बुडाले.

तांदूळ किती भिजवायचे म्हणून काल सासूबाईंचा डोळा चुकवून साचा मापला. जुना साचा कच्च्या तांदळाने भरायचा आणि नव्यात ओतायचा. दुप्पट कासव म्हणजे दोन वेळा, बरोबर? दोन वेळा ओतले तर नव्या साच्याचा तळ जेमतेम झाकला. तिसऱ्यांदा ओतले, चौथ्यांदा ओतले. सहाव्यांदा ओतले तरी जागा उरलीच. आठ, काका, आठ! को-शेंगने कागदावर मांडून दाखवलं. लांबी दुप्पट, रुंदी दुप्पट, खोली दुप्पट, म्हणजे कासव आठपट. दुप्पट हवं होतं तर सगळं फक्त सव्वापट करायचं. शाळेत माझे गणितात पैकीच्या पैकी होते, हे मी आता कुणाला सांगू?

तुम्ही म्हणाल, देवाला जास्त दिलं तर काय बिघडलं? बिघडलं ना. आमच्या देवळात कासव घरच्याच साच्यातलं, एकाच तुकड्याचं लागतं. जो माझं कासव मागून नेईल त्याला पुढच्या वर्षी याहून मोठं द्यावं लागेल. एवढा साचा आख्ख्या गल्लीत कुणाकडे नाही. शेजारच्या ओउ मावशींचा सगळ्यात मोठा, तो याच्या निम्मासुद्धा नाही. मग मागणार कोण? आणि कुणी मागून नेल्याशिवाय नवस फिटला असं इथे मानत नाहीत. संध्याकाळपर्यंत कासव तसंच पडून राहिलं तर माणसं म्हणतात, या घरचं दान देवानेही ठेवून घेतलं नाही.

नवा साचा करायला लाकूड नाही, बोटी बंद, आणि हा साचा देवळातून आलेला, बदलता येणार नाही. सासूबाईंना रात्री सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मामंजींकडे बघून एवढंच म्हणाल्या, "माणूस तर परत आला ना." आणि आत गेल्या. काका, मला फार वाईट वाटतंय. त्यांनी प्रत्येक घरात साचा दाखवला होता.

विमानाच्या टपालाने पाठवतेय. काहीतरी सांगा.

वान-लिंग

लुगांग, २७ फेब्रुवारी

घाबरू नको. तेच कासव कर. पुरणात कंजूसपणा नको. काका

मागोंग, ५ मार्च

काका,

आलात काय, गेलात काय! चारचं विमान वाऱ्यामुळे शेवटचं ठरलं आणि तुम्ही कासव मांडीवर घेऊन टॅक्सीत बसलातसुद्धा. देवळात ढोलांच्या आवाजात मी तुमच्या कानात ओरडत होते ते तुम्हाला ऐकू आलं नाही, किंवा आलं आणि तुम्ही सोंग घेतलंत. म्हणून पुन्हा पत्र.

माझ्या बाजूने काय काय झालं ते ऐका. सकाळी सहाला कासव साच्यातून निघालं, एका आपट्यात, डोकं, पाय, शेपूट सगळं जागच्या जागी. केळीच्या पानावर ठेवून वाफवलं तेव्हा असं लालचुटुक चमकायला लागलं की मामंजी म्हणाले, "हे चालायला लागेल." देवळात नेऊन मांडलं. सगळे बघायला आले, सगळ्यांनी वाहवा केली आणि सगळे पुढच्या कासवाकडे गेले. ओउ मावशी म्हणाल्या, "बाई, हे नेलं तर पुढच्या वर्षी मला स्वयंपाकघराची भिंत पाडून साचा करावा लागेल." लोक हसले. सासूबाईही हसल्या, पण एप्रनला हात पुसत राहिल्या, आणि हात तर कोरडेच होते. बारा वाजले, एक वाजला, दोन वाजले. आमच्या शेजारची सगळी कासवं गेली. आमचंच उरलं, आणि मी खांबाआड जाऊन रडले.

बाहेर आले तर देवापुढे तुमची लोकरीची टोपी! शेजारी चिन-हायदादा, पिशवी धरून. तुम्ही कौलाचे दोन लाकडी तुकडे उचललेत आणि हातात ते असे वाजायला लागले की आधी मला वाटलं मुद्दाम वाजवताय. मग तुमचा हात दिसला.

पहिला कौल, होकार. दुसरा, होकार. तिसऱ्यांदा एक तुकडा गोल गोल फिरत राहिला, मग पडला, एक उताणा आणि एक पालथा, म्हणजे होकार! देवळाचे प्रमुख म्हणाले, "पण हे परगावचे दिसतात." तेव्हा सासूबाई काय कडाडल्या! "परगावचे कसले? आमचे व्याही आहेत!" संध्याकाळी त्यांनी गल्लीतल्या प्रत्येक घरात जाऊन पुन्हा सगळं सांगितलं. ओउ मावशींकडे दोनदा.

आता मला उत्तरं हवीत. हात कधीपासून असा आहे? त्या ऑर्डरी खऱ्या होत्या का? आणि डिसेंबरमध्येच मी तुम्हाला वीस, सोळा, तीन असं स्पष्ट लिहिलं होतं. तुम्ही जन्मभर साचे केलेत. तुम्हाला कळलं नाही?

वान-लिंग

लुगांग, १२ मार्च

वान-लिंग,

हे पत्र मी सांगतोय आणि चिन-हाय लिहितोय. मध्ये मध्ये स्वतःचं घुसडतो, तिकडे लक्ष देऊ नको. (मी काही घुसडत नाही. चिन-हाय.)

हात पावसाळ्यापासून असा आहे. ऑक्टोबरात डॉक्टर म्हणाला, आता स्थिर होणार नाही, पटाशी ठेवून द्या. ऑर्डरी एकही नव्हती. आलेल्या मीच परत पाठवल्या. सकाळी दुकान उघडायचो आणि पाठ रस्त्याकडे करून बसायचो, म्हणजे हात कुणाला दिसू नये. त्यात तुझं पत्र आलं, तीस बिटांचं. नंतर तो पेन्सिलीने काढलेला कागद आला. मला त्यातलं काही कळेना आणि कळत नाही हे तुला कळवायचीही लाज वाटली. चार दिवस कागद खिशात घेऊन बसलो. पाचव्या दिवशी रस्ता ओलांडला. मला वाटलं हा दार लावेल. याने स्टूल पुसलं आणि म्हणाला, "मास्तर, चहा बिनसाखरेचाच ना?" अकरा वर्षं मी याला भुसा विकणारा म्हणत होतो. मूर्ख मीच. (हे दोनदा सांगितलं, मी एकदाच लिहिलं.)

आता तुझ्या गणिताचं. वीस, सोळा, तीन वाचलं त्याच क्षणी आठपट हे मला कळलं. लहान पोरांनासुद्धा मी हेच आधी शिकवायचो. तुला लिहायला पेन हातात घेतलं आणि ठेवलं. मनात आलं, असं कासव गल्लीत कोणी मागणार नाही, मग ते मला मागता येईल. तू रडशील हे तेव्हा सुचलं नाही. चोवीस तारखेचं तुझं पत्र वाचलं तेव्हापासून चिन-हायने विमानाची तिकिटं काढली तोपर्यंत मी जेवलो नाही. तुझी आणि तुझ्या सासूबाईंची माफी मागतो. त्यांना सांग, व्याही लबाड आहे पण मनाने वाईट नाही.

देवाकडे काय मागितलं ते विचारशील. हात मागितला नाही. हाताचं मला डॉक्टरपेक्षा जास्त कळतं. मी फक्त कासव मागितलं. ते घेतलं की पुढच्या वर्षी याहून मोठं द्यावंच लागतं, आणि तसा साचा कुणाला तरी करावाच लागतो. चिन-हायचं यंत्र पुरेसं मोठं आहे. कुठला बिट कुठे लावायचा हे त्याला कळतं. पण मान कुठे वळते आणि पाठ किती फुगवायची ते त्याला अजून येत नाही. मी शेजारी स्टुलावर बसून सांगतो आणि तो ऐकतो. ऐकून भांडतो, पण ऐकतो. (मान मला येते.) येत नाही. सकाळपासून दोनदा खोडलीय.

काल डॉक्टरकडे गेलो होतो. त्याने पुन्हा हात धरून बघितला आणि तोंड बारीक केलं. मी म्हटलं, चेहरा सरळ कर, पुढच्या सणापर्यंत मला मरायला फुरसत नाही.

काका